आईचं माहेरचं नाव

माणसानं रिटायर झाल्यावर काय काय करू नये, याची एक यादी माझ्या बायकोच्या डोक्यात तयार आहे आणि तिच्यात पहिला नंबर कुलवृत्तांताचा लागतो. मी तेहतीस वर्षं कॅनडात हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर होतो. भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून माणसांवर ओरडायची सवय. रिटायर झालो आणि ओकव्हिलच्या घरात ओरडायला कोणी उरलं नाही. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, बायको ओरडून घेणाऱ्यातली नाही, आणि आईवर आवाज चढवायची माझी काय, माझ्या वडिलांचीही कधी छाती झाली नाही. मग मी पूर्वजांना कामाला लावलं. ते उलट उत्तर देत नाहीत.

आमच्या घराण्याचा जुना कुलवृत्तांत होता, फार वर्षांपूर्वी छापलेला, पान उलटलं की कोपरा हातात यायचा. त्याची नवी आवृत्ती काढायचं मी अंगावर घेतलं. कोकणातल्या मूळ पुरुषापासून कॅलिफोर्नियातल्या सॉफ्टवेअरवाल्यांपर्यंत अकरा पिढ्या. तीन वर्षं बेसमेंटमध्ये बसून सगळ्या भाऊबंदांना फॉर्म पाठवले, फोन केले, न भरणाऱ्यांना पुन्हा फोन केले. काही जण माझा नंबर बघून फोन उचलेनासे झाले. तरी चारशे पानांचा मजकूर तयार झाला. वंशावळीचा तक्ता मी स्वतः काढला, कारखान्यातल्या पाइपलाइनचा काढावा तसा, एकही रेघ दुसरीला न कापता.

हे सगळं आईसाठी चाललं होतं. वडील गेल्यापासून ती आमच्याकडेच होती. तिला ऐंशी पूर्ण होऊन हजार पौर्णिमा बघून झाल्या होत्या आणि तिचं सहस्रचंद्रदर्शन आम्ही इथेच हॉल घेऊन करणार होतो. निरांजनांची आरास, सव्वाशे पाहुणे आणि मधोमध आईच्या हातात तिच्या मुलानं केलेला कुलवृत्तांत. आईनं पुस्तक हातात घ्यावं आणि "शाबास रे" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. साठी उलटली तरी आईची शाबासकी ती शाबासकी. कारखान्यानं निरोपाला दिलेलं घड्याळ मी अजून डब्यातून काढलेलं नाही. मजकूर सोमवारी पुण्याच्या छापखान्याकडे जायचा होता.

त्याआधीच्या गुरुवारी मी आईला सगळी पानं वाचायला दिली. तिनं दिवसभर भिंग घेऊन वाचली. संध्याकाळी विचारलं, "यात मी कुठे आहे?"

मी ऐटीत पान काढून दाखवलं. वडिलांवर सव्वा पान होतं. शिक्षण, नोकरी, बदल्या, ऑफिसच्या ब्रिजच्या स्पर्धेत मिळवलेला कप. सगळ्यात शेवटी एक ओळ: पत्नीचं नाव, तिच्या वडिलांचं आडनाव, त्यांचं गाव.

आईनं ती ओळ वाचली, भिंग खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरं."

माझ्या आईचं 'बरं' ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. दूधवाल्यानं पाणी घातलं की ती त्याला असंच 'बरं' म्हणायची, आणि दुसऱ्या दिवसापासून दूधवाला बदललेला असायचा.

"काही चुकलंय का?" मी विचारलं.

"छे रे. तुझ्या वडिलांचा कप छान आलाय."

बायकोनं इतका आडपडदा ठेवला नाही. तिनं माझ्या एका चुलतभावाचं पान नाकासमोर धरलं. "अहो, हे काय? 'अपत्ये: पुत्र एक', पुढे त्याचं नाव, शिक्षण, डिग्री. आणि मग 'कन्या दोन'. कन्या दोन! गोठ्यातल्या म्हशी मोजल्यात का?"

"ती जुनी पद्धत आहे," मी म्हटलं. "मुली सासरच्या कुलवृत्तांतात जातात. फॉरमॅट सगळीकडे एकसारखा नको का?"

"अहो पण आपल्याला दोन मुलीच आहेत! तुमच्या फॉरमॅटमध्ये तुमचाच वंश बुडाला की!"

आमच्या मुलींना मराठी वाचता येत नाही, याचं त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा समाधान वाटलं.

म्युझियमची टूम बायकोचीच. ती एका फार्मसीत पार्टटाइम जायची, तिथे तिची एक ज्यू मैत्रीण होती. त्या लोकांच्या इतिहासाचं एक नवं म्युझियम टोरांटोच्या उत्तरेला, वॉनच्या पुढे झालं होतं, सगळं कॉम्प्युटरवर, आणि तिथे घराण्याची वंशावळ मांडायचं एक टेबल होतं म्हणे. "सोमवारी पाठवायच्या आधी एकदा बघा तरी, दुसरे लोक कसं करतात," बायको म्हणाली. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, म्युझियम बंद, म्हणून आम्ही रविवारी निघालो. मी लगेच तयार झालो. खरं सांगायचं तर शिकायला नव्हे, दाखवायला. चारशे पानांची पिशवी बरोबर घेतली. आमच्या अकरा पिढ्या बघून त्यांनीच चार गोष्टी शिकाव्यात, असा माझा परोपकारी विचार होता.

वॉनच्या गोदामांच्या रांगा संपतात तिथे ती इमारत होती. बाहेरून तीही गोदामासारखीच. आई गाडीतून उतरून म्हणाली, "इथे सेल आहे का कसला?"

दारात त्यांनी आईसाठी व्हीलचेअर दिली. आई म्हणाली, मी काय आजारी आहे? ती तुरुतुरु पुढे चालायला लागली, आणि तिघांचे थंडीचे कोट, आईची पर्स, बायकोची पर्स आणि माझ्या अकरा पिढ्या खुर्चीत बसवून ती मी ढकलत निघालो.

मी लहानपणापासून म्युझियम म्हटलं की काच, धूळ आणि 'हात लावू नये' अशी पाटी एवढंच पाहिलेलं. इथे उलटं. जिकडे तिकडे हात लावा, बटण दाबा, कानाला लावा, वास घ्या. आई सुरुवातीला हात पाठीमागे बांधून चालत होती. बायकोनं तिचा हात धरून एका भिंतीला लावला, तर भिंतीतून एक शिंपी बोलायला लागला. झालं! त्यानंतर आईनं काहीही सोडलं नाही. कोपऱ्यातलं आग विझवायचं नळकांडंही तिनं दोनदा दाबून पाहिलं, आणि ते बोलत नाही म्हटल्यावर "हे बिघडलंय" असं तिथल्या पहारेकऱ्याला मराठीत सांगितलं.

तिचा मुक्काम पडला स्वयंपाकघरात. तिथे एका मोठ्या पडद्यावर भांड्यांची चित्रं होती आणि ती बोटानं ढकलून दोन कपाटांत लावायची. त्यांच्याकडे दूधदुभत्याची भांडी वेगळी आणि मांसाची वेगळी, यांना त्यांचा स्पर्श चालायचा नाही. आईनं आयुष्यात मांसाचं पातेलं पाहिलेलं नाही, पण तिला हे दोन मिनिटांत समजलं. शेजारी कॉलेजातली दोन पोरं होती, त्यांनी चीजचा चाकू भलत्याच कपाटात टाकला. आईनं त्यातल्या एकाच्या मनगटावर चापट मारली. "नो, नो! सोवळं!" पोरं इतकी घाबरली की त्यांनी तिला विचारून विचारून भांडी लावली. सगळं बरोबर लागल्यावर घंटा वाजली आणि आई माझ्याकडे वळून म्हणाली, "आपल्यासारखीच माणसं आहेत रे ही. उगाच इतकी वर्षं ओळख नव्हती."

आईला बायकोच्या ताब्यात देऊन मी खुर्ची ढकलत वंशावळीच्या दालनात गेलो. मोठी अंधारी खोली, मधे काचेचं गोल टेबल आणि वर छतावर हजारो नावांचे ठिपके चमकत होते. टेबलाजवळ एक स्वयंसेविका उभी होती, पंचाहत्तरीची, लाल काड्यांचा चष्मा, गळ्यात ओळखपत्र. मी तिला माझी चारशे पानं दाखवली. अकरा पिढ्या, म्हटलं. तिनं तोंडावर हात ठेवला. माझी छाती दोन इंच फुगली.

"वंडरफुल! चला, घालू या आपल्या टेबलात," ती म्हणाली. "तुमचं नाव टाइप करा."

केलं.

"आता आईचं."

मी आईचं नाव टाइप केलं. तिनं वाकून पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, "डियर, हे तर लग्नानंतरचं असेल. आमच्यात माणूस ज्यू ठरतो तो आईकडून, म्हणून हे टेबल आईच्या बाजूनं वर जातं. आई, आईची आई, तिची आई. प्रत्येकीचं जन्माचं नाव."

"माहेरचं आडनाव ना?" मी म्हटलं. ते मला तोंडपाठ होतं. कॅनडातली बँक छत्तीस वर्षं फोनवर तेच विचारत आलेली आहे.

"आडनाव नंतर. आधी नाव. जन्मल्यावर काय ठेवलं होतं ते."

माझं बोट तसंच हवेत राहिलं.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायचे हे मला काय ठाऊक नव्हतं? ताटात तांदूळ पसरून अंगठीनं बायकोचं नवं नाव मी स्वतः गिरवलेलं आहे. पण आईलाही त्याआधी एक नाव असणार, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आई जन्मली तीच आमची आई म्हणून, अशी काहीतरी माझी समजूत असावी. मूळ पुरुषाच्या धाकट्या भावाचं नाव विचारा, सांगतो. तो कुठल्या साली कुठल्या गावी गेला, सांगतो. आईचं नाव येईना.

"काय अडलं?" मागून बायको आली. तिनं पडद्यावरचा रिकामा चौकोन पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि कोटांवर डोकं टेकून हसायला लागली. "अकरा पिढ्या! आणि पहिल्याच पायरीला धडपडले!"

"तुला तरी माहीत आहे का?" मी गुरगुरलो.

ती हसायची थांबली. तिलाही माहीत नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं या घराची सून असून.

एवढ्यात आई स्वतःच आली, भांड्यांचा विजय अजून तोंडावर. मी तिला खुर्चीतले कोट उचलून जागा करून दिली. या वेळी ती बसली.

"आई," मी म्हटलं, "तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

"कशाला हवंय?"

"या टेबलाला हवंय."

"टेबलाला!" आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला चौथीतला मी आठवलो. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. त्या दालनात आमच्याशिवाय कोणाला मराठी येत नव्हतं, तरी तिनं पदर सारखा केला, आवाज खाली आणला आणि सांगितलं.

दोन अक्षरी, छोटंसं, परकर घालून झोके घेणाऱ्या पोरीचं नाव. एकसष्टाव्या वर्षी ते मी पहिल्यांदा ऐकलं. इथे लिहीत नाही, कारण तिनं ते मला हळूच सांगितलं होतं.

"मला कसं कधी कळलं नाही?" मी म्हटलं.

"कोण सांगणार? लग्नात तुझ्या वडिलांनी तांदळात नवं लिहिलं आणि पंगत उठायच्या आत जुनं संपलं. भाऊ मला अक्का म्हणायचे, आई पोरी म्हणायची. तुझे वडील तर नवं नावही घेत नसत, 'अगं' म्हणायचे नाही तर खाकरायचे." तिनं बोटांवर मोजलं. "बासष्ट-त्रेसष्ट वर्षं झाली. त्या नावानं मला कोणी हाक नाही मारली."

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला मात्र लाज वाटली, चांगली सणसणीत. गुरुवारचं ते 'बरं' कशाबद्दल होतं, ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

मी नाव टाइप केलं. चौकोन हिरवा झाला आणि दुसरा उघडला. आईची आई.

"तुझ्या आईचं?"

"तिचं लग्नातलं नाव ठाऊक आहे," आई म्हणाली, "घरातल्या पिंपावर, घागरीवर कोरलेलं होतं. माहेरचं..." ती आठवत राहिली. मग म्हणाली, "मीही कधी विचारलं नाही रे."

मला एक क्षणभर बरं वाटलं, की चला, हे दुर्लक्ष आनुवंशिक आहे. पण आईचा चेहरा बघून ते बरं वाटणं मी लगेच आवरलं.

स्वयंसेविकेनं आमचं बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली. मग तिनं आईच्या दंडावर हात ठेवला. "राहू दे रिकामा. माझ्या झाडातही असाच एक चौकोन रिकामा आहे. माझी आई युद्धानंतर एकटी इथे आली, सोळा वर्षांची. तिच्या आजीचं नाव विचारायला मागे कोणी उरलंच नव्हतं." आणि मग तिनं अगदी मनापासून, काळजीनं मला विचारलं, "तुमच्याकडे काय झालं होतं? लढाई? दुष्काळ?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं.

आमच्याकडे काहीच झालं नव्हतं. सगळ्या घरातच होत्या. दोन वेळा पानात वाढत होत्या, आजारपणं काढत होत्या, आम्हाला शाळेत पोचवत होत्या. विचारायचं फक्त राहून गेलं. हे इंग्रजीत कसं सांगावं ते मला सुचलं नाही, म्हणून मी नुसतं 'नो' म्हटलं.

सोमवारी मजकूर छापखान्याकडे गेला नाही, हे इथेच सांगून टाकतो. सहस्रचंद्रदर्शन पुस्तकाशिवाय झालं. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला आणि सगळ्या भाऊबंदांना पुन्हा पहिल्यापासून फोन केले, तेव्हा जे आधी फोन उचलत नव्हते त्यांच्या बायका उचलायला लागल्या, आणि एकेक बाई तासतासभर बोलायला लागली. आमचं फोनचं बिल बघून बायको काही बोलली नाही. पुस्तक दोन वर्षांनी निघालं, ते साडेसहाशे पानांचं.

पण त्या रविवारी हे काही ठरलेलं नव्हतं. आईची आई रिकामी ठेवून मी शेवटचं बटण दाबणार, तेवढ्यात स्वयंसेविका म्हणाली, "थांबा, त्यांना ऐकू द्या. आमच्या घरात पद्धत अशी की गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला ठेवायचं, म्हणजे ती हाक घरात पुन्हा ऐकू येते. म्हणून इथे घातलेल्या प्रत्येक आईचं नाव एकदा मोठ्यानं पुकारलं जातं."

मी बटण दाबलं. टेबलावरून एक ठिपका निघाला, वर छताकडे गेला आणि बाकीच्यांत जाऊन बसला. आणि त्या अंधाऱ्या दालनात, वरच्या स्पीकरमधून, एका बाईच्या आवाजात आईचं नाव आलं. उच्चार पक्का कॅनेडियन होता. शेवटचं अक्षर तर नाकातून गेलं.

"ओ!" आई म्हणाली.

खणखणीत. परसदारातून द्यावी तशी. आजूबाजूची दहा-पंधरा माणसं वळून बघायला लागली आणि आई एकदम गोरीमोरी झाली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. ऐंशी वर्षांच्या बाईला मी इतकं लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

"परत म्हणायला सांग तिला," ती म्हणाली.

मी परत बटण दाबलं. परत नाव आलं, परत आईनं ओ दिली, या वेळी हळू. मागे एक कुटुंब रांगेत उभं होतं, त्यांना स्वयंसेविकेनं हातानंच थांबवलं. तिसऱ्यांदा दाबलं. चौथ्यांदा बटण दाबायला मी हात पुढे केला तर आईनं माझं मनगट धरलं.

"पुरे झालं तिचं. तिला नीट येत नाही. तू म्हण."

"मी?"

"मग कोण? तूच राहिलास आता. बाकी सगळे गेले."

आईला नावानं हाक? माझ्या जिभेला ती सवयच नव्हती. मी तेहतीस वर्षं भट्टीच्या आवाजावर ओरडलेला माणूस, आणि दोन अक्षरांशी अडलो. बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "म्हणा हो," ती पुटपुटली.

मी म्हटलं.

"ओ," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. "काय रे?"

मी पुन्हा एकदा हाक मारली.